आई, ती स्क्रीन होती

आइंडहोव्हन,
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप सौ. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्ही खुशाल नाही आहात हे ताईंकडून कळलं, म्हणून हे पत्र. फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर बाबांच्या हातात देता, आणि बाबा "हो, हो, बरं" म्हणून ठेवून देतात. ताई सांगत होत्या, चिवड्याच्या पोह्यांना ऊन दाखवून झालं होतं, चकलीची भाजणी दळून आली होती, आणि गेल्या रविवारपासून सगळं डब्यात तसंच पडून आहे. "ज्यांना मी अडगळ झालेय त्यांना चकली कशाला?" असं तुम्ही म्हणालात म्हणे. आई, तुम्हाला कोणीही काहीही म्हटलेलं नाही. ती स्क्रीन होती.

पहिल्यापासून सांगते. मध्ये थोडी यंत्रांची भाषा येईल. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं, पण स्वतःची भर घालू नये.

तुमच्या चिरंजीवांनी उन्हाळ्यात एक टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला. इथल्या विद्यापीठातला एक मुलगा शिक्षण संपवून गावी परत निघाला होता, त्याच्याकडून, स्वस्तात. सोबत मोठी स्क्रीन, आणि वर वायरींचा एक गुंता फुकट. तो फुकटचा गुंता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या या गावाला लिख्टस्टाट म्हणतात, म्हणजे दिव्यांचं गाव. बाबांच्या माडीवरचा रेडिओ ज्या फिलिप्सचा, त्या फिलिप्सने १८९१ साली इथेच बल्बचा कारखाना काढला. गेरार्ड हा मुलगा इंजिनिअर, आणि फ्रेडरिक हा बाप पैसे घालणारा. (बाबांनी या वाक्यावर थांबू नये, पुढे वाचावं.) दर नोव्हेंबरात इथे ग्लो नावाचा उत्सव होतो, गावभर दिव्यांची आरास करतात. अशा गावात आमच्या दिवाणखान्यात मात्र महिनाभर एक चौकोन काळाकुट्ट.

कॉम्प्युटर काही वेळ कोणी वापरला नाही की झोपतो. ते दुखणं नव्हे, त्याने वीज वाचते. दुखणं उठताना. माऊस हलवला की खोक्यातला पंखा घरघरतो, दिवा लागतो, कीबोर्ड उजळतो, आणि स्क्रीनवर "नो सिग्नल" एवढी अक्षरं दोन सेकंद येऊन पुन्हा अंधार. तुमच्या चिरंजीवांना सकाळी उठवण्याचा अनुभव आपल्या दोघींनाही आहे. "उठलो गं" असा आवाज येतो, पाय हलतात, डोळे मिटलेलेच. अगदी तसंच.

कॉम्प्युटरच्या झोपेलाही पायऱ्या असतात, हे मला या महिन्यात कळलं. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून कोणी कसं आणि किती झोपायचं याचे नियमच लिहून काढले. तिसऱ्या पायरीच्या झोपेत सगळं बंद असतं, एक मेमरी तेवढी जागी. कुठलं पान उघडं होतं, पत्र कुठवर लिहून झालं होतं, हे सगळं धरून ती रात्रभर बसते. घरात सगळे घोरत असताना दूध विरजलं का, गॅस बंद केला का, हे डोक्यात ठेवून एकच बाई जागी असते, तशी. चौथ्या पायरीवर ती बाईसुद्धा सगळं वहीत टिपून झोपते, म्हणजे मेमरीतलं सारं डिस्कवर उतरवून वीज तोडतात. आमचा कॉम्प्युटर तो विकणाऱ्या मुलामुळे डच बोलतो. त्यात झोपेला स्लापस्टांट म्हणतात आणि या चौथ्या पायरीला स्लॉइमरस्टांट. स्लॉइमर म्हणजे डुलकी. डच विंडोजमध्ये झोपेपेक्षा डुलकी गाढ! हे शब्द लक्षात ठेवता ठेवता माझीच झोप उडाली.

मग उपचार सुरू झाले. ह्यांच्या ऑफिसात ज्याला विचारावं त्याच्याकडे एक औषध. पहिली तपासणी मला आवडली. स्क्रीन काळी असताना कॅप्स लॉकचं बटण दाबायचं. कीबोर्डवरचा बारीक दिवा लागला-विझला तर पेशंट शुद्धीवर आहे, नुसते डोळे उघडत नाहीत. दिवा लागला. दुसरी तपासणी, खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारायचा. आत अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीनच्या पाठीमागचा उजेड गेलाय असं समजायचं. इथे खिडक्यांचे पडदे ओढायची फारशी पद्धत नाही. आम्ही भर दुपारी ओढले, म्हणून शेजारच्या डच आजी बेल वाजवून विचारून गेल्या, कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, हो, स्क्रीन. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही, फक्त बोटांचे ठसे दिसले. ते धाकटीचे. भडंग खाऊन लावलेले.

तिसरा उपचार म्हणजे विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. पेटीवर सूर धरल्यासारखी बोटं ताणावी लागतात. टुक असा आवाज होतो आणि चित्र काढण्याचं काम ज्याच्याकडे असतं तो ड्रायव्हर नव्याने कामाला लागतो. याने तीनदा उजेड पडला. चौथ्यांदा नुसतं टुक.

मग बंद करून चालू करणं. बाबांचं आवडतं औषध. पण यात एक फसगत आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कॉम्प्युटरला "बंद हो" म्हटलं तरी बहुतेक वेळा तो पुरता बंद होतच नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून अर्धं सामान बांधून ठेवूनच आडवा होतो, आणि आदल्या दिवशीचा गोंधळ दुसऱ्या दिवशी त्याच सामानातून बाहेर येतो. सगळं खरंच नव्याने सुरू व्हायला हवं असेल तर "रिस्टार्ट" म्हणावं लागतं. म्हणजे बंद करून चालू करणं निराळं आणि रिस्टार्ट निराळं. मला हे दोन दिवस पटलं नव्हतं, तुम्हालाही पटू नये. ह्यांनी ती लवकर उठण्याची सोयच काढून टाकली. अंधार होता तसाच. प्लग काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, ड्रायव्हर जुना घातला, नवा घातला. दृष्ट काढायची तेवढी राहिली होती.

आता रविवार.

तुमचे साडेचार, आमचा दुपारचा एक. व्हिडिओ कॉलवर बाबा समोर आले, "ती जरा पडलीय, उठवतो" म्हणाले आणि आत गेले. तेवढ्या वेळात वीज कशाला जाळायची म्हणून तुमच्या चिरंजीवांनी बटण दाबून स्क्रीन बंद केली. हा काटकसरीचा गुण कुठून आला ते मी लिहीत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा बटण दाबलं. अंधार. आवाजही नाही, कारण आमच्याकडे आवाज स्क्रीनमधूनच येतो, चित्राच्याच वायरीने. आम्हाला वाटलं, फोन तुटला. पण आमचा कॅमेरा आणि माईक निराळ्या वायरीवर, आणि ते दोघं टक्क जागे होते. तुम्ही आम्हाला दिसत नव्हतात, ऐकू येत नव्हतात. तुम्ही मात्र झोपेतून उठून, इरकल नेसून, शेजारच्या काकूंना शेजारी बसवून, पुढचं सगळं ऐकत होतात.

काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते. लपवून उपयोग नाही, काकूंना पाठ आहे.

"झोपली वाटतं पुन्हा," मी म्हटलं.

"एकदा झोपली की उठवणं कठीण. आणि उठली तरी तोंड काळंच," हे म्हणाले.

"थकलीय आता. किती दिवस सांभाळायची?"

"विकायला काढली तर घेणार कोण? दाराबाहेर ठेवली तर नगरपालिकेची गाडी उचलून नेईल, पण त्यांची वेळ आधी घ्यावी लागते."

"मग तोवर जिन्याखाली ठेवू. कोणाच्या पायात तरी येणार नाही."

आणि धाकटी म्हणाली, "पप्पा, आजोबा मारतात तशी पाठीत एक थाप मार ना."

आई, मराठीत स्क्रीन स्त्रीलिंगी आहे, याला मी काय करू? आम्ही सवयीने मॉनिटर म्हणत असतो तर "तो झोपला, तो थकला" झालं असतं, आणि फार तर बाबा रुसले असते. आणि ती थाप रेडिओची. माडीवरचा रेडिओ खरखरायला लागला की बाबा त्याच्या पाठीत घालतात ती. धाकटीने मे महिन्यात ते पाहिलंय, तिला वाटतं सगळी यंत्रं अशीच दुरुस्त होतात. एवढं मात्र काकूंना तुम्ही स्वतः समजावून सांगा. त्या दिवसापासून त्या बाबांकडे कशा बघतात, ते ताईंनी सांगितलंय.

ताईंनी आणखी एक सांगितलं, त्याने मात्र मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही इकडे स्क्रीनच्या नावाने बोटं मोडत होतो तेव्हा बाबा सांगलीत खुर्चीवरून उठून ओरडत होते म्हणे, "अरे वायर बघ, वायर!" चांगली दहा मिनिटं. अँटेनाच्या काळातला माणूस, आधी वायरच आठवणार. पण बाबा, तुमचं ऐकू यायला आवाज हवा, आणि आवाज यायला तीच वायर धड हवी.

मंगळवारी ह्यांनी वायर पाहिली. फुकटच्या गुंत्यातली. तिला डिस्प्लेपोर्टची वायर म्हणतात, तिच्या टोकाला वीस पिना असतात. विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट वीज असते, ती जोडाला लावायच्या बारक्या उपकरणांसाठी. कॉम्प्युटरपासून स्क्रीनपर्यंतच्या साध्या वायरीत ती पिन आरपार जोडायची नाही, असं हे नियम ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेनेच सांगून ठेवलंय. काही स्वस्त वायरींत ती जोडलेली असते. मग स्क्रीनची वीज उलटी कॉम्प्युटरच्या पोटात शिरते, आणि उठताना कोण जागं, कोण झोपलेलं, याचा घोळ होऊन बसतो.

शिवाय या दोघांची दर वेळी उठल्यावर नव्याने ओळख करून द्यावी लागते. स्क्रीन आपली माहिती सांगते, कुठल्या घरची, आकार केवढा, किती बारीक चित्र झेपतं. ही मूळ चिठ्ठी अवघी १२८ बाइटची. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा. आता मुलगी आत गाढ झोपलेली असेल तर मुलाकडचे किती वेळ बसणार? आमच्या स्क्रीनला तर "डीप स्लीप" नावाची खास सोय होती. ती चालू असली की मुलगी हाकेलाही ओ देत नाही, आणि मुलाकडचे समजतात, या घरात मुलगीच नाही.

ह्यांनी स्क्रीनच्या मेनूत शिरून ती डीप स्लीप बंद केली आणि बाजारातून चांगली वायर आणली. त्या दिवसापासून एकदाही अंधार नाही. दोन्हींपैकी नेमका गुण कशाने आला ते विचारू नका, कारण दोन्ही एकाच वेळी केलं. आता शहानिशा करायला जुनी वायर पुन्हा लावून बघू म्हणतात. मी सक्त नाही म्हटलंय. दिवाळी होईपर्यंत कोणाचीही कसलीही शहानिशा नको.

तेव्हा आई, राग सोडा. हे पत्र पोस्टाने येईल तेव्हा येईल, आजच फोटो काढून ताईंकडेही पाठवतेय. भाजणी फार दिवस डब्यात ठेवू नका, खवट होते हे तुम्हीच मला शिकवलंय. चकल्या नेहमीपेक्षा जरा जास्त करा, शेजारच्या डच आजींनाही द्यायच्या आहेत, त्या अजून स्क्रीनची प्रकृती विचारतात. भडंगात लसूण सढळ हाताने. रविवारी साडेचारला समोर बसा, काकूंनाही बोलवा. हे मध्ये स्क्रीन बंद करणार नाहीत. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावलीय.

धाकटीचे तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची सून

ता. क. जुनी वायर मी फेकायला काढली होती. "लागेल कधीतरी" म्हणून ह्यांनी ती जिन्याखाली ठेवलीय.