हौद्याचं अस्तर

खान्देशात कुणी नवी पिकअप घेतली की ती लिटरला किती देते, हे कुणी विचारत नाही. पेढा तोंडात टाकता टाकता पाहुणा गाडीच्या मागे जातो, फाळका पाडतो, आत डोकावतो आणि विचारतो, “हौद्यात काय टाकणार?” माल काय भरणार, हा त्याचा प्रश्न नसतो. माल ठरलेलाच असतो. रावेर-यावलकडे केळी, दोंडाईच्याकडे मिरची आणि दिवाळीनंतर सगळीकडेच कापूस. त्याला हौद्याच्या तळाला काय अंथरणार ते हवं असतं. उत्तर काहीही द्या, तो मान हलवून म्हणणार, “चूक करताय.”

माझ्या शालकाने रावेर तालुक्यातल्या आपल्या गावी बोलेरो पिकअप आणली, तेव्हा हा प्रश्न त्याने माझ्याकडे सोपवला. मी जळगावात राहतो आणि तरुणपणी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे, ही माझी पात्रता. त्यानंतरचं सगळं आयुष्य मी कार्यालयात फायलींना टॅग लावण्यात घालवलं, हे सासरी कुणी मनावर घेत नाही. जावई शिकलेला निघाला की त्याचा काहीतरी उपयोग व्हायला पाहिजे, असं त्या घराचं मत आहे.

मी अभ्यासाला लागलो. अमेरिकेत यावर दोन पंथ आहेत. एक पंथ प्लास्टिकचं तयार टोपलं हौद्यात बसवतो. दिसायला झकास, पण टोपलं आणि पत्रा यांच्या फटीत पाणी जाऊन बसतं, गाडी हादरली की टोपलं पत्र्याला घासतं, रंग जातो आणि वर सगळं चकचकीत असताना खाली गंज निवांत वाढतो. दुसरा पंथ फवारणीचा. पॉलियुरिया नावाचं रसायन दोन भागांत येतं. ते गरम करून जोराच्या दाबाने फवारलं की काही सेकंदांत घट्ट होतं आणि पत्र्याला असं चिकटतं की मध्ये पाण्याला शिरकावच नाही. मी हे सगळं शालकाला फोनवर उत्साहाने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दाजी, हे गाडीला वाचवतं का केळीला?”

मी गप्प झालो. अमेरिकेतला माणूस आपली पिकअप मालापासून वाचवतो. रावेरला माल पिकअपपासून वाचवायचा असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तिचा स्वभाव त्याआधीपासूनच नाजूक. घड जरा खरखरीत जागी घासला की ओरखडा पडतो, ओरखडा दुसऱ्या दिवसापर्यंत काळा होतो आणि व्यापारी नेमका त्या काळ्यावर बोट ठेवून भाव पाडतो. फवारलेलं अस्तर मुद्दाम खरखरीत ठेवतात, कारण सामान घसरू नये. म्हणजे हौदा आयुष्यभर कोरा राहणार आणि केळीची सालटी निघणार. शिवाय काळा रंग, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्या हौद्यात अनवाणी घड लावणाऱ्या मजुराने माझ्या डिप्लोम्याबद्दल काय काय म्हटलं असतं, ते छापण्यासारखं नाही.

पण गाडीकडेही दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. केळी हे पोटॅशचं खादाड पीक. त्यामुळे पिकअप शेतात जाताना खताच्या गोण्या नेणार आणि परत येताना घड आणणार. एखादी गोणी फाटते, खत सांडतं, त्यावर ओल्या पानांचं पाणी आणि घडांचा चीक. मीठ आणि ओल एकत्र आली की पत्र्याचं काय होतं, हे शिकायला डिप्लोमा लागत नाही. गावातल्या कुठल्याही जुन्या पिकअपच्या हौद्यात उभं राहून खाली पाहावं, रस्ता दिसतो.

म्हणून आम्ही धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावाला ट्रकच्या शरीराची जेवढी माहिती तेवढी डॉक्टरला माणसाच्या शरीराची नसेल. धुळेकरांना अभियांत्रिकीचा अभिमानही जुना. तरुण विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीच्या सुरुवातीला इकडे होते आणि पांझरेवर दातर्तीच्या सायफनचं काम त्यांनी केलं. आम्हाला भेटलेला बॉडीचा मिस्त्री ही परंपरा आपल्यापर्यंत सरळ रेषेत आली, अशा थाटात बसला होता. मी पॉलियुरियाबद्दल बोलत असताना तो तंबाखू मळत राहिला. माझं संपल्यावर त्याने कोपऱ्यातल्या चेकर प्लेटवर हातोडा मारला. आख्खं शेड वाजलं.

“तीन एमएम शे, पापड नही,” तो म्हणाला. “तुना नातू बी वापरी.”

शालकाचं तेव्हा लग्न ठरायचं होतं. नातवाचा उल्लेख त्याला फार आवडला. मी मात्र हिशेब मांडला. तीन मिलिमीटरचं लोखंड चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं, वरच्या नक्षीचं वजन वेगळं. हौद्याचा तळ चारेक चौरस मीटरचा. म्हणजे शंभर किलो लोखंड कायमचं गाडीत. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा धरला, तर दर खेपेला चार-पाच घड घरी ठेवून निघायचं.

“घरी कशाला ठेवायचे?” शालक म्हणाला. “वर ठेवू.”

मिस्त्रीने त्याच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. गाडीच्या कागदावरचं वजन हे आपल्याकडे पत्रिकेतल्या गुणांसारखं असतं. जुळले तर उत्तम, न जुळले तर काढायचा मार्ग. मी वजनमर्यादा आणि दंडाचं कलम सांगायला लागलो तेव्हा दोघांनी मिळून माझ्यासाठी चहा मागवला.

प्लेट नाही घेतली. तीही खरखरीतच, आणि मुख्य म्हणजे भाव ऐकून शालकाचा नातू पुढे ढकलला गेला. परतीच्या वाटेवर एकाने कोळशाच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा सुचवला. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असल्याने अशा पट्ट्याबद्दल इकडे सगळ्यांना माहिती असते आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक भंगारवाला असतो. पट्टा मजबूत होता, पण हात लावला की हात काळा. केळीवर काळा हात फिरवून आम्ही तो विषय मिटवला.

शेवटी जळगावातून जाड रबरी मॅट घेतली. मऊ, धुता येणारी, न घसरणारी, उचलून खालचा पत्रा वाळवता येणारी. माझ्या अभ्यासाचं सार म्हणावं अशी. किंमत सासऱ्यांना मुद्दाम कमी करून सांगितली, तरी ते हबकले. हौद्यात उभं राहून त्यांनी मॅटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “जावईबापू, चीज चांगली आणली. पण चीक लागून खराब होईल की हो ही.”

त्या घराची तुम्हाला माहिती नाही म्हणून सांगतो. टीव्हीचा रिमोट दुकानातून आला त्या पिशवीतच आहे आणि बटणं पिशवीवरूनच दाबतात. सोफ्याला खोळ आहे, खोळीवर चादर आहे, आणि आम्ही खाली सतरंजीवर बसतो. तेव्हा मॅट उघडी राहणार नव्हतीच. सासऱ्यांनी तिच्यावर प्लास्टिकची चटई टाकली. जळगावच्या एमआयडीसीत चटया बनवण्याचे कारखाने भरपूर, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत लग्नामुंजीला चटई येते आणि चटईच जाते. पण नेमकी ती कोरी निघाली. सासूबाईंनी ओटीवरून पाहिलं आणि ओरडल्या, “नवी चटई टाकली का हो?” मग चटईवर बारदान आलं. बारदानाचे धागे केळीला लागतील म्हणून त्यावर काहीतरी गुळगुळीत, पाणी न शोषणारं आणि फुकट पाहिजे होतं.

असा पदार्थ महाराष्ट्रात एकच आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स.

सासऱ्यांकडे फ्लेक्सची चळतच निघाली. बैलांच्या गोठ्यावर एक भावी आमदार होते, कडब्यावर दोन माजी सभापती. हौद्याच्या मापाला जो बरोबर बसला, तो तालुक्यातल्या एका नेत्याचा अभीष्टचिंतनाचा होता, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे फोटो दाटीवाटीने. आता साहेबांचं तोंड वर ठेवायचं की खाली, यावर चर्चा झाली. वर ठेवावं तर त्यांच्या चेहऱ्यावर चीक सांडणार. खाली ठेवावं तर शुभेच्छुकांपैकी एक जण सासऱ्यांचा चुलतभाऊ होता. शालकाचं म्हणणं, छपाईची बाजू गुळगुळीत, केळीला तीच बरी. तांत्रिक मुद्दा म्हणून मी त्याला दुजोरा दिला. साहेब वर राहिले.

मग त्यांच्यावर केळीची वाळलेली पानं पसरली, आणि पानांवर घड.

ती पानं शालकाने विचार न करता पसरली होती. त्याच्या आजोबांच्या बैलगाडीत तीच होती, २००५ साली छोटा हत्ती आला तेव्हा त्यातही तीच, आणि केळी दिल्लीला रेल्वेने निघते तेव्हा ओरखड्यापासून तिला सांभाळायला हीच पानं लागत आली आहेत. मी माझ्या मॅटकडे पाहायला वाकलो. ती कुठेच दिसत नव्हती. दर पंधरवड्याला मॅट उचलून पत्रा वाळवायचा, असं मी शालकाला बजावून आलो. तो म्हणाला, “हो दाजी.” त्यासाठी आधी पानं, साहेब, बारदान आणि चटई उचलायला हवी, हे मला जळगावच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

परवा सासऱ्यांचाच फोन होता. साहेबांनी पक्ष बदलला होता आणि सावद्याला माल उतरवताना जुन्या पक्षाचा एक हमाल त्यांच्या चेहऱ्यावर मुद्दाम पाय देऊन उभा राहिला, त्यात फ्लेक्स फाटला. मी काळजीने विचारलं, आता काय करणार?

“काही नाही हो,” ते म्हणाले. “निवडणुका लागल्या ना. यंदा अपक्ष जोरात आहेत, त्यांचे जाड येतात.”