विलोकाका

इंग्लंडातल्या मराठी मंडळांत एखादे तरी विलोकाका असतातच. चहाला बोलवा, सोफ्यावर टेकणार नाहीत. थेट मागच्या दाराने बागेत, आणि आधी ड्रेनेजचं झाकण कुठंय ते बघणार.

नवं घर घेतलेल्यांना हटकून वीपिंग विलो हवा असतो, तळ्याकाठी झुकलेला, सिनेमातला. तळं कुठलं? बार्बेक्यू ठेवून उरते ती बाग. "वहिनी, ही लंडनची चिकणमाती. उन्हाळ्यात आक्रसते, त्यात हे झाड घटाघटा पाणी ओढणार. घराच्या भिंतीला भेग गेली की झाडाऐवजी तुम्ही रडाल." वहिनींचा चेहरा पडला की काका विलोच्याच झुडपी जातींवर येतात. खरं तर त्यासाठीच आलेले असतात.

हाकुरो-निशिकीची कोवळी पालवी गुलाबी-पांढरी. "पण काठीवर कलम केलेला तो गोळा घेऊ नका. पैसे जास्त, आणि खालून काठीलाच फुटवे येत राहतात." ब्रिट्झेन्सिस घ्यायचा तो हिवाळ्यातल्या केशरी-लाल काड्यांसाठी. रंग कोवळ्या काड्यांनाच चढतो, म्हणून मार्चच्या सुमारास पार बुंध्यापर्यंत छाटायचा. स्वतःच्या बागेत हे काम ते अशा आवेशाने करतात की शेजारची गोरी आजी आठवडाभर बोलत नाही. मेलानोस्टाकिसला थंडी सरता सरता काळे तुरे येतात, त्यांतून विटकरी परागकोश डोकावतात. "दारात काळं कशाला?" कुणी विचारलंच, तर उत्तर तयार: "संक्रांतीला तुम्ही नेसता ते?"

संक्रांत हा तर त्यांचा खास हंगाम. पानं गळालेल्या विलोची काडी जानेवारीत ओल्या मातीत खोचली की वसंतात फुटते. काकूंचं हळदीकुंकूही नेमकं तेव्हाच. काकू वाण म्हणून डबे देतात, आणि दाराशी उभे असलेले काका प्रत्येकीच्या पिशवीत हातभर काडी सरकवतात. तिला चिठ्ठी बांधलेली: 'हे टोक वर.'

एका वहिनींनी ती काडी ठेवून दिली आणि पुढे मिरचीच्या रोपाला आधार म्हणून खोचली. इंग्लंडच्या उन्हाळ्यात मिरची गेली. आधाराला भरघोस पालवी आली. वहिनी मिरचीसाठी हळहळत होत्या. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टोक कुठलं वर केलं होतंत?"