मुखडा मसाला

बीड शहरात चेहरा नसलेला विजेचा खांब दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं, तर ते बक्षीस वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. निवड झाली, फ्लेक्स. नियुक्ती झाली, फ्लेक्स. नियुक्ती रद्द झाली तरी आधीचा फ्लेक्स उतरवायला कोणी जात नाही. वर साहेबांचा मोठा चेहरा, खाली पासपोर्ट साइजचे वीस-पंचवीस शुभेच्छुक, सगळ्यांचे गॉगल बहुधा एकाच दुकानातले. अशा गावात राहणाऱ्याने नूडल्सच्या धंद्यात चेहरे घुसले म्हणून दचकायचं कारण नाही. चेहरा बघून माल घ्यायचा आणि नंतर पाच वर्षं पोट धरून बसायचं, याची आपल्याला सवय आहे.

पण हल्ली मामला एक पायरी पुढे गेलाय. पूर्वी नट-नट्या "मी हेच खाते" एवढंच म्हणायच्या आणि मानधन घेऊन घरी जायच्या. आता त्या "हे माझंच आहे" म्हणायला लागल्यात. शिल्पा शेट्टी यांनी २०२३ साली 'विकेडगुड' नावाच्या कंपनीत पैसे घातले. मैदा नाही, तेल नाही, एमएसजी नाही, अशी त्या नूडल्सची दवंडी. रणवीर सिंग तर 'चिंग्ज'साठी २०१४ सालीच आडनाव बदलून 'रणवीर चिंग' झाले. त्या जाहिरातीचं गाणं लिहिलं गुलजारांनी, चाल शंकर-एहसान-लॉय यांची. दहा वर्षांनी टाटांनी चिंग्ज बनवणारी कंपनी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचं मोल धरलं ५,१०० कोटी रुपये. आता हा आकडा बीडच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो. आपल्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेचा खर्च सुमारे ४,८०० कोटी. मंजुरी १९९५ ची, आणि गाडी बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे नूडल्स आणि शेजवान चटणीचं दुकान एका बाजूला, २६१ किलोमीटरची रेल्वे दुसऱ्या बाजूला, आणि पारडं झुकतंय चटणीकडे. आपल्या खासदारांनी इतकी वर्षं रेल्वेमंत्र्यांकडे खेटे घालण्यापेक्षा एखादा हीरो गाठायला हवा होता, असं आता मागे वळून वाटतं.

या चेहऱ्यांवर एकदा संक्रांत आली होती. साल २०१५. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात शिसं सापडलं, २.५ पीपीएमची मर्यादा असताना १७.२, असा अहवाल आला आणि देश हादरला. हरिद्वारच्या अन्न विभागाने माधुरी दीक्षित यांना नोटीस धाडली. मुझफ्फरपूरच्या न्यायालयाने अमिताभ बच्चन, माधुरी आणि प्रीती झिंटा यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं. ५ जूनला केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने विक्री थांबवली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली: कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नाही, चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, पुन्हा तपासा. पुन्हा तपासलं, माल निर्दोष निघाला, नोव्हेंबरात मॅगी परत आली. मधल्या काळात परत मागवलेला हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. त्यातली एक भट्टी आपल्याच महाराष्ट्रातली, चंद्रपूरची. त्या सिमेंटचं घर ज्यांनी बांधलं त्यांच्या भिंतीला पावसाळ्यात मसाल्याचा वास येतो का, हे एकदा जाऊन हुंगायला पाहिजे.

बीडला मात्र त्या वर्षी शिशाची चिंता करायला सवड नव्हती. पाऊस दगा देऊन गेला होता, वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट बघणं चालू होतं. नूडल्सच्या पाकिटावर लिहिलेलं असतं: दीड कप पाणी घ्या, उकळी आणा, दोन मिनिटं शिजवा. यातली उकळी आणि दोन मिनिटं आम्हाला जमण्यासारखी होती. दीड कपाचा प्रश्न होता.

मॅगी परतल्यावर लगेच, १६ नोव्हेंबरला, योगगुरू रामदेवबाबांनी पतंजलीच्या आटा नूडल्स बाजारात आणल्या. सत्तर ग्रॅम, पंधरा रुपये. आजवरचे सगळे चेहरे भाड्याचे होते. इथे चेहरा, दाढी आणि दुकान, तिन्ही घरचं. अन्न प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणाले, या नूडल्सना आमची मंजुरीच नाही. कंपनी म्हणाली, परवाना आहे. पुढे २०२४ साली याच कंपनीच्या औषधांच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांत माफी छापायला लावली आणि वर विचारलं, माफीचा आकार तुमच्या जाहिरातीएवढाच आहे ना? या प्रश्नावर मी तरी फिदा आहे. मराठी वर्तमानपत्रांत चाळीस वर्षं खुलासे वाचतोय. खुलासा कायम सहाव्या पानावर, शोकसंदेश आणि टेंडर नोटिसा यांच्या मधल्या फटीत सापडतो.

एवढं पुराण झाल्यावर चव घेणं आलंच. सदरलेखकाने दहा पाकिटं फोडून तारे वाटावेत, असा हल्ली रिवाज आहे. पण चेहरा समोर असताना चव कशी कळणार? म्हणून आम्ही पाकिटं फोडून वड्या नुसत्या स्टीलच्या डब्यांत भरल्या, डब्यांवर अ, ब, क, ड लिहिलं आणि मसाल्याच्या पुड्या त्या-त्या डब्यात सोडल्या. परीक्षक तीन: शेजारचे निवृत्त गुरुजी, पाटोद्याकडून आलेली आमची मावशी आणि सातवीतला भाचा.

पहिल्याच घासाआधी घोटाळा. भाच्याने झाकण उघडून नुसत्या वडीकडे बघून कंपन्यांची नावं सांगितली. ही गोल म्हणजे अमकी, ही चौकोनी म्हणजे तमकी. ज्याला महाराष्ट्राच्या नकाशावर बीड दाखवता येत नाही, त्याला नूडल्सची भूमिती तोंडपाठ. शेवटी सगळ्या वड्या हाताने चुरून पातेल्यात टाकल्या.

गुरुजींनी प्रत्येक वाटीला शेरा लिहिला. 'अ'ला "बरा", 'ब'ला "प्रगती आहे", 'क'ला "अभ्यासात लक्ष हवे". मावशीने चारी वाट्या शांतपणे संपवल्या, पदराला तोंड पुसलं आणि निकाल दिला, "सगळ्याला मीठच लागायलंय, बाबा. त्याच्यावर इतक्या वाट्या कशाला घासायच्या?"

मावशीला विज्ञान येत नाही, पण तिचं बरोबर होतं. पाकीट उलटं करून चष्मा कपाळावर ढकलला, तेव्हा मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत बहुतेकांची एकच गोष्ट सापडली: मैदा किंवा गव्हाचं पीठ, पामतेल, मीठ, कांदा-लसणाची भुकटी, आणि ६२७, ६३१, ६३५ असे एसटीच्या बसवर शोभतील असे आकडे. हे आकडे चव खुलवणाऱ्या द्रव्यांचे. खरी करामत तेलात आहे. जपानात १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी वाफवलेल्या नूडल्स तेलात तळून बघितल्या. तळताना पाणी उडून जातं, नूडलला बारीक भोकं पडतात, मग गरम पाणी त्या भोकांतून शिरतं आणि दोन मिनिटांत ती मऊ होते. काही नव्या कंपन्या तळण्याऐवजी हवेवर वाळवतात, तेवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. त्यातला बराच वाटा पाकिटाची छोटी पुडी एकटीच उचलते. या बाबतीत पुडी कामसू आहे.

मग आम्ही दुसरा प्रयोग केला. एकाच पातेल्यातल्या नूडल्स दोन वाट्यांत काढल्या. एका वाटीमागे सिनेमाच्या पुरवणीतला हीरो उभा केला, उघड्या छातीचा. दुसरीमागे गल्लीतल्या जुन्या फ्लेक्समधून कापलेला एक भावी नगरसेवक, हात जोडलेला. गुरुजींनी हीरोची वाटी चाखली. "यातल्या मसाल्याला एक उंची आहे." भावी नगरसेवकांची चाखली. "हे जरा जास्त शिजलंय." पातेलं एक, पळी एक, मिनिटं तीच! छत्तीस वर्षं वर्गात कॉप्या पकडणारा माणूस फोटोला फसला. मावशीने हीरोकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो कोण?" आणि दुसरी वाटी पुढे ढकलून म्हणाली, "ह्यो मागच्या इलेक्शनला दारात आला होता. ह्याचं नको." तिची वाटी तशीच राहिली.

भाच्याने दोन्ही नाकारल्या. त्याची पद्धत निराळी. पाच रुपयांचं पाकीट फोडायच्या आधी मुठीने ठेचायचं, एका कोपऱ्याला छोटं भोक पाडायचं, आतली पुडी काढून मसाला त्यातच ओतायचा, तोंड दाबून खुळखुळ्यासारखं हलवायचं आणि कच्चंच खायचं. पाणी नको, गॅस नको, दोन मिनिटं नकोत. आंदो साहेबांनी इतका खटाटोप केला तो सगळा बीडच्या सातवीतल्या पोराने अनावश्यक ठरवलाय. ही रीत त्याला शाळेत मिळाली, आणि शाळेत ती आणली दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणाऱ्या पोरांनी. फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, पहाटे आई कोयता घेऊन निघून गेली की मागे राहिलेल्या लेकरांचा नाश्ता म्हणजे हेच. जाहिरातीतली आई पांढऱ्याशुभ्र ओट्यापाशी हसत काटा-चमचा देते. कोपीवरच्या जाहिरातीत आई नसते, ओटाही नसतो. तिथे नुसतं पाकीट असतं.

म्हणून मला वाटतं, चेहऱ्यांच्या या धंद्यात आपल्या जिल्ह्यानेही उतरावं, कारण आपल्याकडे चेहऱ्यांचा साठा मुबलक आहे. 'उचल नूडल्स' काढा: आज खा, पुढचे सहा महिने फेडत राहा, आणि हिशोब मुकादमाच्या वहीत. 'भावी नूडल्स' काढा: शिजणार शिजणार म्हणून पाच वर्षं पातेलं गॅसवर. 'पालकमंत्री स्पेशल' काढा. ती मुंबईत बनेल आणि झेंडावंदनाला इथे येईल. अडचण एकच, पाकिटावर मुख्य चेहऱ्याखाली शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो टाकले की पोषणमूल्याचा तक्ता कुठे छापायचा. तो कोणी वाचत नाही म्हणा.

कोरियन पाकिटंही आता परळीच्या दुकानापर्यंत पोचलीत, मालिकांतल्या गोऱ्या पोरांच्या पुण्याईने. त्यातल्या तीन जाती २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्क सरकारने बाजारातून मागे घ्यायला लावल्या. कारण काय, तर फार तिखट, जीवाला अपाय होईल. ती बातमी मी मावशीला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या देशाला आमच्याकडचा ठेचा पाठवू नकोस, उगं पाप लागंल.

आता या सगळ्यात आमच्या घरच्या नूडल्सला जागाच नाही. पाटोदा, आष्टी, शिरूरकडे उन्हाळ्यात अजून बाजेच्या काठाला शेवयांचं यंत्र आवळून बसवतात. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने गव्हाच्या पिठाचा गोळा वरून दाबायचा, तिसरीने खालून पडणाऱ्या शेवया काठीवर झेलून सावलीत वाळत घालायच्या. पाणी फार नको, तेल नको, तळणं नको. वर्षभर टिकतात, दूध-गुळाबरोबर खपतात. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने त्या पाकिटात घालून विकायचं ठरवलं आणि पाकीट छापायला गटातल्या बायका माझ्याबरोबर फ्लेक्सवाल्याकडे गेल्या. फ्लेक्सवाल्याचा पहिला प्रश्न, "फोटो कोणाचा टाकायचा?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अध्यक्षबाईंचा टाकावा तर सचिवबाई दोन दिवस बोलणार नाहीत. सगळ्यांचा टाकावा तर सासरे विचारतील, बाजारात आपल्या सुनेचा फोटो का फिरतोय. नुसत्या शेवयांचा टाकावा, असं मी सुचवलं. फ्लेक्सवाला हसला. "सर, चेहऱ्याशिवाय गिऱ्हाईक पाकिटाला हात लावत नाही. मी टाकतो बरोबर."

आणि त्याने टाकला. कॉम्प्युटरवरच्या फुकट फोटोंतली एक गोरीपान बाई, दात मोत्यासारखे, हातात वाटी, आणि वाटीत शेवयांच्या जागी बहुधा इटलीचा पास्ता. पाकिटं बरी खपतायत. बाजारात गिऱ्हाइकं गटातल्या बायकांना विचारतात, या मॅडम कोण? बायका सांगतात, कंपनीच्या मालकीणबाई, पुण्याला असतात. एकाने तर त्यांना गावच्या सप्ताहाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायची तयारी दाखवली.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याचं कलम २१ सांगतं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा दिला तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. गुरुजींनी ते कलम गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. अध्यक्षबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्या बाईला नोटीस काढा म्हणावं. पत्ता मिळाला तर आम्हालाबी कळवा, तिच्या वाट्याची दोन पाकिटं पाठवायची राहिलीत."