झाकणभर नव्हे, वीस मिली

लखनौत कशाचंही माप विचारू नये. बिर्याणीत केवडा किती? ‘अंदाज़ से.’ पाहुण्याला आग्रह किती? तिथं तर अंदाजही नाही. अशा शहरात, जानकीपुरमच्या एखाद्या सेक्टरात, रविवारी सकाळी अर्ध्या चड्डीतला मराठी गृहस्थ सुई काढलेली सिरिंज घेऊन गाडीसमोर उभा दिसला, तर घाबरू नका. गाडीला लस टोचायची नाहीये. बादलीत शाम्पू घालायचाय.

हे काका बहुधा सीडीआरआयमधून निवृत्त झालेले. ही औषध संशोधन संस्था 1951 साली सुरू झाली ती नवाबांच्या छत्तर मंझिलमध्ये, आणि साठेक वर्षांनी जानकीपुरम विस्तारात आली. नवाबांनी जिथं कधी काही मोजलं नसेल, तिथं काकांनी उभी हयात मिलिग्रॅम मोजले. त्यामुळे बाटलीवर ‘एक झाकण’ असं छापलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरतं. कुठलं झाकण? काठोकाठ, की आटे सोडून?

हिशेब सोपा आहे. पाचशे भाग पाण्याला एक भाग शाम्पू, म्हणजे दहा लिटरला वीस मिली. बादली पंधराची, म्हणून आत मार्करनं दहाची रेघ. सिरिंज पाच मिलीची, म्हणून चार खेपा. काकांना कंजूष म्हणू नका. गाडी पुसणाऱ्या पोराला दिवाळीला ते सढळ हातानं देतात. फक्त तेही पाकिटावर आकडा लिहून.

पोराची तक्रार एकच असते. “अंकल जी, झाग तो आया ही नहीं।”

इथं काका फुलतात. फेस म्हणजे देखावा, बेटा! साबणाचे रेणू आधी पाण्याच्या पृष्ठभागावर दाटी करतात. तिथं जागा संपली की उरलेले आत घोळके करून बसतात. त्यापुढे कितीही ओता, पृष्ठताण काही आणखी उतरत नाही. उलट जादा साबण धुवायला जादा पाणी, आणि राहिला तर डाग. भांड्यांचा साबण तर नकोच, गाडीवरचं मेण घेऊन जातो. मग समर्सिबल पंपाच्या जड पाण्यातलं कॅल्शियम येतं, मग मॅग्नेशियम. यातला शब्दन् शब्द खरा आहे, हीच तर पंचाईत.

कारण तोवर जूनचं ऊन बॉनेटवर आलेलं असतं आणि मोजून घातलेला साबण तिथं पांढरा होऊन वाळलेला असतो. गाडी पुन्हा धुवावी लागते. आणखी चार खेपा, आणखी वीस मिली. एकूण चाळीस, म्हणजे पोरानं पहिल्यांदाच अंदाजानं जेवढा ओतला असता, साधारण तेवढाच. शिवाय पाइप इतका वेळ चालूच असतो. पाण्याला सिरिंज नाही.

काकू हे सगळं ओट्यावरून बघत असतात. भाजीत मीठ किती, या प्रश्नाला त्या गेली कैक वर्षं ‘चवीपुरतं’ असं उत्तर देत आल्यात, आणि काका गेली कैक वर्षं ते वहीत लिहून घेऊ शकलेले नाहीत.

शाम्पूची वही मात्र चोख असते. अलीकडे तिचा मेळ बसत नाही. काका फोन घ्यायला आत गेले की पोरगा बाटली हळूच बादलीत कलती करतो, आणि त्या रविवारी गाडी लखलखते. महिनाअखेरीस काका बाटली उजेडात धरून बघतात, तूट काढतात आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितात : बाष्पीभवन.