पिना चोवीस, चित्र गायब

जुन्या मॉनिटरला टॅब्लेट जोडताना काही अडलं की खापर म्हाताऱ्याच्या माथी फोडायची आपली रीत आहे. वास्तविक त्याच्या, १९८७ साली आलेल्या व्हीजीए पोर्टच्या १५ पिना कशासाठी, ते उघड आहे: चित्रासाठी. टॅब्लेटच्या टाइप-सीला पिना २४. पण कित्येक स्वस्त टॅब्लेटांत तिथून चार्जिंग आणि फायली, एवढंच. चित्र बाहेर पडतच नाही, पोर्ट मात्र हुबेहूब चित्र सोडणाऱ्या टॅब्लेटसारखाच! व्हीजीए अ‍ॅनालॉग, अक्षरं पुसट, हा आक्षेप मान्य. अ‍ॅनालॉगसाठीच तर सिग्नल बदलणारी चिप घातलेला अडॅप्टर मिळतो. पण टॅब्लेटच चित्र सोडत नसेल तर तो बदलणार काय? सडपातळ यंत्रात सगळं मावत नाही म्हणे. बरं, नसेल मावत. मग पोर्टशेजारी ‘इथून चित्र जात नाही’ एवढं छापायला शाई का पुरत नाही? चार्जरवर तर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खं पुराण असतं.