पार्वतीचं डोहाळजेवण

(मैंदर्गी. उन्हाळ्याची दुपार. टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’. मामा शेंगा फोडत बसलेत, मामी चटणीसाठी शेंगा भाजतेय. पुण्यात शिकणारी भाची सुट्टीला आलीय.)

मामा : गप बस ग. आता घरमालकीण लीलाबाई काळभोर येतीय.

भाची : कितव्यांदा बघताय मामा?

मामा : 1988 ला निघाला, तवापासनं बघतोय. कन्नडमधी पण ह्याचा रीमेक निघाला. त्यो बी बघितला. पण त्यात लक्ष्या न्हाई.

भाची : बरं, धनंजय माने आणि पार्वतीचा संसार कसा वाटतो तुम्हाला?

मामा : झकास! काय भांडत्यात! अगदी नवरा-बायको.

भाची : पण पार्वती म्हणजे साडी नेसलेला परशुराम.

मामा : म्हणून काय संसार करू नये?

भाची : तेच म्हणते मी! याला आमच्याकडे क्वीअर वाचन म्हणतात.

मामा : पुण्यात सिनेमा वाचत्यात व्हय? आम्ही आपलं बघतो.

भाची : वरनं एक गोष्ट चाललेली असते, तिच्या पोटात दुसरी असते. पुरुषाचा पुरुषावर जीव, बाईचा बाईवर. कथा त्याला दोस्ती म्हणते आणि पुढं सरकते. आता ‘शोले’ घ्या.

मामा : ‘शोले’ला हात लावायचा न्हाई.

भाची : जय मेला तेव्हा रडलात?

मामा : म्हंजे काय! अजून रडतो.

भाची : आणि शेवटी वीरूला रेल्वेच्या डब्यात बसंती भेटते, तेव्हा आनंद झाला?

मामा : तवा मी रुमाल शोधत होतो.

भाची : मग सिनेमातली खरी जोडी कुठली?

मामा : जय-वीरूचीच की! ...ए, काय वदवून घेतलीस ग!

मामी : ट्रॅक्टरच्या पाठीवर काय लिहून घेतलंय यांनी, विचार की. ‘जय-वीरू’. माझं नाव घाला म्हटलं तर जागा न्हाई म्हणाले.

मामा : पण असं जिथं तिथं तेच दिसाय लागलं तर साधी दोस्ती कुठं ऱ्हायली?

भाची : राहू दे की दोस्ती. मी कुठं त्यांचं लग्न लावतेय? तुम्ही कुणासाठी रडलात एवढंच विचारलं.

मामी : माझ्या डोहाळजेवणात स्पीकरवर ह्या बनवाबनवीतलंच गाणं लावलं होतं.

भाची : सगळीकडे तेच लावतात मामी. पण सिनेमात ते डोहाळजेवण कुणाचं?

मामी : पार्वतीचं.

भाची : म्हणजे पदर घेतलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंचं. अख्ख्या महाराष्ट्रातल्या लेकी त्या गाण्यावर ओटी भरून घेतात.

मामी : म्हणून आमचा थोरला असला नाटकी निघाला!

मामा : हे सगळं आत्ताचं खूळ हाय. आधी नव्हतं असलं काय.

भाची : 1921 साली संयुक्त ‘मानापमान’ झालं. नायक केशवराव भोसले, नायिका बालगंधर्व. दोघंही पुरुष, आणि बघायला झुंबड. बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायला घरच्या बायका शिकत होत्या.

मामा : त्ये नाटक. नाटकात चालतंय.

भाची : आणि ‘जोगवा’ सिनेमा? उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तुम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलेत. त्यातल्यासारखे साडी नेसणारे जोगते आपल्या दारात येतात की नाही?

मामी : येत्यात. पाया पडते मी. यल्लम्माचं माणूस.

भाची : ओसरीवर बसवून कपातनं चहा देता?

(मामी शेंगा हलवते. टीव्हीवर हशा पिकतो.)

मामा : अगं, पण हितं त्यांनी साडी का नेसली? जोडप्यालाच घर देणार म्हणाली बाई, म्हणून. पोटापाण्याची गोष्ट हाय.

भाची : हां, तिथंच तर गंमत आहे! सिनेमात जोडपं नसलेले दोघं जोडपं बनले, तेव्हा घर मिळालं. आज पुण्यात खरोखर जोडपं असलेली दोन मुलं घर बघायला जातात, तेव्हा मालकाला सांगतात, आम्ही मावसभाऊ आहोत. बनवाबनवी तीच, फक्त उलटी.

मामा : पण कोर्टानं असल्या नात्यांवरचा गुन्हा काढून टाकला की आता.

भाची : 2018 ला काढला. 2023 ला लग्नाची मान्यता मात्र नाकारली. आणि घरमालक सुप्रीम कोर्टाच्याही वर असतो.

मामा : असले घरमालक लई वाईट. माणूस बघावा, भाडं बघावं, बाकी कशाला चौकश्या!

मामी : अहो, आपल्या माडीवर पाटी काय लावलीय?

मामा : ...कुठली?

मामी : ‘फक्त फॅमिलीसाठी’. शाळेवर बदलून आलेले दोघं मास्तर परत गेले मागल्या महिन्यात.

भाची : मामा, तुम्ही तर लीलाबाई काळभोर निघालात!

मामा : ती बाई तरी बरी, एवढं मोठं घर होतं तिचं. माझी एक खोली, ती बी गळती.

मामी : आणि वर्षभर रिकामी.

मामा : बरं बरं, काढतो पाटी. पण सिनेमा संपल्यावर. आणि त्या मास्तरांना सांग, मावसभाऊ असा न्हाईतर कोण बी असा, भाडं पाच तारखेच्या आत पाहिजे.