झाकण

पुण्यात आमच्या आळीत बोअरला पाणी लागलं की पेढे वाटतात. मेलबर्नला लेकीच्या घरामागे ४०,००० लिटर पाणी नुसतं पडून असतं आणि त्यात कोणी पाऊल घालत नाही, कारण ते गार असतं. ऑक्टोबरात आपण इकडे ‘हीट’ म्हणून कण्हत असतो, तेव्हा तिकडे नुकता वसंत लागलेला. तलावाचं पाणी १८ अंश.

जावई इंजिनिअर. (सगळ्यांचेच असतात.) त्याने छपरावर काळ्या रबरी नळ्या अंथरून घेतल्यात. पंप तलावातलं पाणी वर चढवतो, ते नळ्यांतून फिरून उन्हाने तापतं आणि परत तलावात येतं. “बाबा, ऊर्जा फुकट!” पंपाचं विजेचं बिल तो या वाक्यात धरत नाही.

माझी पहिली शंका दिशेची. नळ्या उत्तरेच्या उतारावर! पुण्यात गच्चीवरचा सोलर दक्षिणेला तोंड करून असतो. एरवी यमाची दिशा म्हणून तिकडे कोणी दार ठेवत नाही, पण गरम पाणी मिळणार असेल तर यमाशीही जमवून घेता येतं. मेलबर्नला मात्र भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, आणि उत्तरायण संपता संपता हुडहुडी भरते. सोबत पंचांग घेऊन गेलेल्या माणसाचे फार हाल होतात.

दुसरी शंका, काच कुठाय? आपल्या सोलरला असते. यावर जावयाने जे सांगितलं ते, कबूल करायला जड गेलं तरी, बरोबर होतं. आंघोळीचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायचं म्हणून उष्णता कोंडायला काच लागते. पोहायला २६-२७ पुरे. हवाच त्याच्या आसपास असेल तर उष्णता पळून जाणार कुठे? उलट काच थोडं ऊन दारातूनच परत लावते. शिवाय पाणी नळ्यांत रेंगाळू द्यायचं नाही. एका फेरीत दोन-चार अंश चढले तरी खूप. मी परतणाऱ्या पाण्याखाली हात धरून पाहिला. त्याला कोमट म्हणायलाही जीभ रेटेना.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एवढं पाणी एक अंश तापवायला आपल्या न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गीझर २३ तास चालवावा लागेल. आठ अंशांसाठी आठवडाभर, अखंड! सूर्यनारायणाला मनातल्या मनात अर्घ्य दिलं.

तरी रोज सकाळी पारा घसरलेलाच. जावयाने सेन्सर तपासले. एक छपरावर, एक पाण्यात. छप्पर जास्त तापलं की पंप आपोआप सुरू होतो. ते ठणठणीत निघाले. मग संशय काकाकुवांवर गेला. पिवळ्या तुऱ्याचे हे पांढरेशुभ्र सद्गृहस्थ छपरावर बसून नळ्या कुरतडतात, आणि हटकलं तर आपल्यालाच ओरडतात. पण गळती कुठेच नव्हती.

आमची ही काठावर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “याला झाकण नाही का?”

होतं की! बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं, निळं, कोपऱ्यात रुळावर गुंडाळलेलं. ओढायचा सगळ्यांना कंटाळा. तलावाची सर्वांत जास्त उष्णता जाते ती बाष्पीभवनात. या तलावाची पातळी वाफ होऊन एक सेंटिमीटर उतरली, तर उरलेलं पाणी साडेचार अंशांनी गार होईल एवढी उष्णता ती वाफ घेऊन जाते. म्हणजे नळ्यांनी दिवसभर कमवायचं आणि तलावाने रात्रभर उधळायचं. हिने यातला एकही आकडा मांडला नव्हता.

तेव्हापासून ऊन कललं की घरात एकच हाक घुमते, “झाकण!” नातवंडं दोन टोकं धरतात, जावई रुळाशी, मी देखरेखीला. पाणी २६ वर येऊन टिकलं. आंघोळीच्या हिशेबाने हे पाणी मी पुण्यात परत पाठवलं असतं. पण पोहायला छान.

आता घरी पाहुणे आले की जावई त्यांना अंगणात नेऊन छपरावरच्या नळ्या दाखवतो. झाकण दाखवत नाही. ते दाखवायचं तर सासूबाईंचीही ओळख करून द्यावी लागेल.